विलायती राजीनामा

अमिरातीतल्या फुजैऱ्याला मी ज्या इंग्रज साहेबाच्या हाताखाली चौदा वर्षं सेक्रेटरी होते, त्याच्या पक्षाने तेवढ्या काळात पाच नेते पाहिले. मी दिवाणखान्याचे पडदे दोनदा बदलले. हे सांगायचं कारण, त्या पाचांपैकी एकाच्या राजीनाम्याने आमच्या घरात असा काही गोंधळ घातला, की अजूनही तिकडच्या निवडणुकीची बातमी लागली की मी टीव्हीकडे नाही, आधी नवऱ्याकडे बघते.

साहेब जहाजांच्या एजन्सीत मॅनेजर होता. बंदराबाहेर समुद्रात टँकर नांगर टाकून उभे असायचे. त्यांना तेल, पाणी, माणसं, परवाने, जे हवं ते मिळवून द्यायचं हे आमचं काम. ऑफिस लहान आणि उन्हाळा मोठा. दुपारी काम ओसरलं की साहेब लंडनचा रेडिओ लावायचा आणि ऐकलेलं मला समजावून सांगायचा, कारण ऑफिसात दुसऱ्या कोणाला त्यात रस नव्हता. तसा मलाही नव्हता. पण गिरगावात वाढलेल्या बाईला राजकारणातल्या भांडणांचा कंटाळा येत नाही, मग ती कुठल्याही देशाची असोत. संध्याकाळी घरी गेले की तेच मी नवऱ्याला सांगायचे. माझ्याकडून त्याच्याकडे जाताना त्यात थोडं तिखटमीठ पडायचं, पण मुद्दा चुकायचा नाही.

नवरा टँकर टर्मिनलमध्ये सेफ्टी डिपार्टमेंटला होता. कामात चोख. पण डिपार्टमेंटचा मुख्य होण्याची त्याची पाळी दोनदा आली आणि दोनदा वरून दुसराच माणूस आणून बसवला. तो घरी आला. बूट काढले, आंघोळ केली आणि फोन घेऊन बसला, गणपतीच्या मखराची चर्चा करायला. कारण ऑफिसात नसला, तरी मराठी मंडळात तो अध्यक्ष होता.

मंडळ म्हणजे पंधरा-सोळा घरं. अर्धी मुंबई-पुण्याची नोकरदार, अर्धी रत्नागिरी-रायगडकडची, आणि त्यांतली बरीचशी मुसलमान. कागदोपत्री काहीच नव्हतं. दोन मराठी माणसं भेटली की मंडळ होतंच, तसं ते झालं होतं. गणपती, कोजागिरी, महाराष्ट्र दिन आणि वर्षाला एक नाटक, एवढा कारभार. पहिल्या दिवसापासून अध्यक्ष एकच. लोक त्याला नावाने हाक मारायचे नाहीत, "अध्यक्ष" म्हणायचे. खालचा ग्रोसरीवाला मलबारीसुद्धा "अध्यक्ष साब" म्हणायला लागला होता. तो शब्द ऐकला की नवऱ्याची मान जरा ताठ व्हायची. मला ते दिसायचं आणि बरंही वाटायचं. माणसाला कुठेतरी कोणीतरी असावं लागतं.

निवडणुकीची पद्धत ठरलेली होती. ऑक्टोबरात हवा जरा सुधारली की एका शुक्रवारी कोणाच्या तरी हॉलमध्ये वार्षिक सभा. शेवटी नवरा उभा राहून म्हणायचा, "आता मी थांबावं म्हणतो. तरुणांनी पुढे यावं." मग भाई उठायचे. भाई म्हणजे रत्नागिरीकडचे, जहाजांना भाजी, मटण, किराणा पुरवायचा धंदा, आणि नवऱ्याचे तिथले सगळ्यांत जुने मित्र. ते हात हलवून म्हणायचे, "छट् वो! तुम्ही नाय तर कोण?" सगळे टाळ्या वाजवायचे, नवरा नाइलाज झाल्यासारखा खाली बसायचा आणि बायका बिर्याणीचं पातेलं उघडायच्या. पंगतीत आपण "पुरे, पुरे" म्हणतो आणि वाढणारा वाढतो, त्यातलाच प्रकार. कोणी खरंच हात आखडला, तर जेवणारा उपाशी उठेल.

पंचाण्णव साली उन्हाळ्यात साहेब एकदम उत्साहात माझ्या टेबलापाशी आला. त्याच्या पक्षाचा नेता, म्हणजे तिकडचा पंतप्रधान, पक्षाच्या नेतेपदाचा राजीनामा देऊन मोकळा झाला होता. पक्षातलेच लोक मागून कुरकुर करत होते, तर हा म्हणाला, मी नेतेपद सोडतो, ज्याला हिंमत असेल त्याने समोर उभं राहावं.

"अँड ही विल विन," साहेब म्हणाला. "वॉच."

आणि खरंच, स्वतःच्याच मंत्रिमंडळातला एक जण उभा राहिला, पडला, आणि हा पुन्हा जाऊन खुर्चीत बसला.

हे मी घरी सांगितलं तेव्हा नवरा आमटी वाढून घेत होता. पळी तशीच हातात धरून त्याने माझ्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं.

"याला म्हणतात नेतृत्व," तो म्हणाला. "आपल्याकडे आहे का कोणात ही धमक?"

त्या दिवसांत मंडळातही कुरकुर होती. बंदरावर नव्याने आलेला पुण्याचा एक तरुण इंजिनियर उघड विचारायचा, की कार्यक्रम पाचला का सुरू करायचा, शिफ्ट सुटते सहाला. मुलांना हिंदी गाण्यांवर नाचायचं होतं, ते अध्यक्षांना चालत नव्हतं. आणि नाटकाचा नायक दर वर्षी अध्यक्षच का, हे कोणी विचारत नव्हतं, पण नायिकेचं काम करायला बायका मिळेनाशा झाल्या होत्या. नवरा सत्तेचाळीसचा होता आणि त्याचं पोट पन्नाशीचं.

"मी पण तेच करणार," तो म्हणाला. "राजीनामा. येऊ दे त्या पुणेकराला समोर."

"अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं. "कशाला उघडतोस?"

"तुला राजकारण कळत नाही."

घरात राजकारण मीच आणत होते, पण ते असो. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, इफ यू रिझाइन, यू आर आउट. दॅट्स व्हॉट इट मीन्स." तिला आम्ही दोघांनी गप्प केलं. मोठ्या माणसांचं बोलणं तिला काय कळणार, असं वाटलं.

ऑक्टोबर उजाडायच्या आधीच नवऱ्याने एकेका घरी फोन करून रीतसर कळवलं. या वेळी नेहमीसारखं सभेत बोलून दाखवणं नव्हतं. मी राजीनामा देतो आहे, पद रिकामं आहे, ज्याला उभं राहायचं असेल त्याने सभेआधी सांगावं, मतदान होईल. आवाज अगदी लंडनचा. फोन ठेवला की मला विचारायचा, "कसं वाटलं?" मी म्हणायचे, "खरं वाटलं." त्याला ते कौतुक वाटायचं. मी घाबरून म्हणत होते.

कोणीही उभं राहिलं नाही. पुण्याचा इंजिनियरही नाही. नवरा खूष. "बघितलंस? पळाले सगळे. बिनविरोध." सभेच्या दिवशी त्याने कोट घातला. फुजैऱ्यात ऑक्टोबरात कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो किंवा विमा विकणारा.

सभा भाईंच्या हॉलमध्ये होती. नवऱ्याने शेवटी उभं राहून दोन वाक्यांत राजीनामा जाहीर केला आणि वाट बघत थांबला. भाई उठले. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

"अध्यक्षसाहेबांनी आपल्यासाठी लय केलं," भाई म्हणाले. "आता ते दमलेत. फोन करून सगळ्यांना सांगितलंनी. माणूस एवढं खुल्या दिलाने सांगतो, तर त्याचा मान राखायचा." आणि त्यांनी सोफ्यामागून शारजाच्या रोल्ला बाजारातल्या दुकानाची पिशवी काढली. पिशवीतून शाल निघाली. मागून भाभी ताटात नारळ घेऊन आल्या.

शाल-श्रीफळ! आमच्या लोकांत ज्याला शाल-श्रीफळ मिळालं तो संपला. शाळेचे मुख्याध्यापक, बँकेतले हेडक्लार्क, सगळे याच वाटेने घरी गेले. एकदा खांद्यावर शाल पडली की माणूस काय बोलणार? "मला राहायचंय" म्हणणार? नवऱ्याने कोटावर शाल घेतली, हातात नारळ घेतला आणि फोटोसाठी उभा राहिला. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. त्यांना तो आवडत होता आणि जायला हवा होता. मग कोणीतरी इंजिनियरचं नाव सुचवलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, यल्ला, खलास, बिर्याणी वाढली. नवरा जेवला. घामाने कोट भिजला होता, पण त्याने तो काढला नाही.

घरी आल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "हात दाखवून अवलक्षण झालं." हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. मला राग आला होता. त्याचाही, त्यांचाही, आणि लंडनच्या त्या पंतप्रधानाचा तर फारच.

त्यानंतरचं दीड वर्ष आमच्या घरात वाईट गेलं. नवऱ्याचं म्हणणं, हा सगळा त्या पुणेकराचा डाव. त्यानेच सगळ्यांना फितवलं आणि भोळ्या भाईंना पुढे केलं. भाईंवर त्याचा राग नव्हता. भाईंची त्याला दया यायची. कार्यक्रमांना तो जायचा, पण मागे बसून मोठ्याने चुका काढायचा. माइक बंद पडला की "आमच्या वेळी पडत नव्हता". इंजिनियरने कार्यक्रम सहाला ठेवले, मुलं हिंदी गाण्यांवर नाचली, गर्दी वाढली. प्रत्येक गोष्टीने याला ठसका लागायचा. पुढे त्याने चार घरं हाताशी धरली आणि वेगळा गणपती बसवायचं ठरवलं. पंधरा-सोळा घरांत दोन गणपती! एकीकडे गेलं की दुसरीकडे तोंड दाखवायची चोरी. बायका सुपरमार्केटात माझ्याशी बोलताना आधी इकडेतिकडे बघायला लागल्या. परक्या मुलुखात तेवढीच आमची माणसं होती. ती तुटली असती तर माझ्याकडे साहेब आणि त्याचा रेडिओ, एवढंच उरलं असतं.

साहेबाला मी एकदा हे सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याच्या पक्षातही तेच चाललं होतं. आधीच्या पंतप्रधान बाई, ज्यांना पक्षाने खाली उतरवलं होतं, त्यांची माणसं नव्या नेत्याला सुखाने जगू देत नव्हती. तो म्हणाला, या भांडणाने आम्ही पुढची निवडणूक हरणार.

ती निवडणूक सत्त्याण्णव साली एक मेला आली. गुरुवार होता. म्हणजे आमचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी. नवऱ्याने ठरवलं होतं की त्याच कार्यक्रमात उठून वेगळ्या गणपतीची घोषणा करायची. भाषण पाठ झालं होतं. माझं विनवून, भांडून, अबोला धरून, सगळं करून झालं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. याचा तर सुंभही शाबूत होता.

शुक्रवारी सकाळपासून टीव्हीवर निकाल. साहेबाच्या पक्षाचा साफ धुव्वा उडाला होता. समोरच्या पक्षाचा तरुण नेता हसत हसत हात मिळवत फिरत होता. त्याने म्हणे आपला पक्षच आतून बाहेरून नवा करून घेतला होता. दुपारी जेवणं झाल्यावर तो पंचाण्णव सालचा, राजीनामा देऊन जिंकलेला पंतप्रधान घरातून बाहेर आला. दोन मिनिटं बोलला, पक्षाचं नेतेपद सोडतो म्हणाला. या वेळी खरंखुरं. आणि मग मुलांना घेऊन क्रिकेट बघायला जातो म्हणाला.

नवरा बनियनवर सोफ्यात बसला होता. "क्रिकेट?" तो म्हणाला. "आज?"

"मग काय करणार? हरला हे त्याला रात्रीच कळलं ना. आकडे समोर होते."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. नंतर म्हणाला, "आणि त्या आधीच्या बाई? त्या तर हरल्या नव्हत्या."

मला साहेबाने ते सांगितलं होतं. त्या बाईंच्या वेळी त्यांचे स्वतःचे मंत्री एकेक करून आत गेले आणि प्रत्येकाने त्यांना तोंडावर सांगितलं की आता तुम्ही जिंकणार नाही. वर्षानुवर्षं बरोबर काम केलेली माणसं. साहेब ते सांगताना अजूनही चिडायचा. मी नवऱ्याला सांगितलं, या वेळी तिखटमीठ न लावता.

"तोंडावर?" नवऱ्याने विचारलं.

"हो. एकेक करून."

त्याने रिमोट खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "मला कोणी काहीच सांगितलं नाही गं. माझे फोटो काढले."

दीड वर्षात पहिल्यांदा तो डावाबद्दल, पुणेकराबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलला होता. मुलगी तिच्या खोलीत नाचाची तयारी करत होती, तिच्या घुंगरांचा आवाज येत होता. ती संध्याकाळी स्टेजवर असणार होती, हिंदी गाण्यावर. बाबांना सांगितलं नव्हतं.

नवरा उठला आणि त्याने भाईंना फोन लावला. भाईंचा आवाज असा, की फोन असला काय नि नसला काय, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू यायचा.

"सलाम वो अध्यक्षसाहेब! येताय ना संध्याकाळी?"

"भाई, एक विचारतो. खरं सांगा. तेव्हा तुम्हाला मी नको होतो का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"होय," भाई म्हणाले. "नको होतात."

नवरा उभा होता तो स्टुलावर बसला.

"दोन वर्सं सगळे माझ्याकडं येत होते," भाई सांगत होते. "भाई, तुम्ही बोला, तुमचं ऐकतील. मी कसा बोलणार? आपण दोस्त. मग तुम्हीच फोन केलात, सोडतो म्हणून. मी म्हटलं, अल्लानंच सोडवलं. दुसऱ्याच दिवशी शारजाला जाऊन शाल आणली. त्या पुण्याच्या पोराला काय ठाव पण नव्हतं. त्याला मीच उभा केला, नको नको म्हणत होता."

"तुम्ही?"

"मीच. तुम्ही त्याला बोल लावता ते ऐकून मला झोप लागत नाय. पण सांगायची हिंमत झाली नाय."

मला वाटलं, आता हा फोन आपटणार. इतक्या वर्षांची दोस्ती गेली, आणि तीही माझ्या साहेबाच्या रेडिओपायी. नवऱ्याने डोळ्यांवरून हात फिरवला. तो रडत होता, हे मला जरा उशिरा कळलं.

"कशामुळे, भाई?"

"आता ते कशाला..."

"सांगा."

मग भाईंनी सांगितलं. पाचची वेळ, मुलांची गाणी, नाटक, लांबलचक भाषणं, कोणी काही सुचवलं की कपाळाला पडणारी आठी. त्यांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. नवरा फक्त "हं" म्हणत होता, डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतो तेव्हा माणूस म्हणतो तसा. शेवटी भाई म्हणाले, "माफ करा वो."

"नाही, नाही," नवरा म्हणाला. "बरं झालं सांगितलंत. भेटू संध्याकाळी."

त्याने फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर त्याने माझ्याकडे वळून बघितलं. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा वाटत होता.

"तुला?" त्याने विचारलं. "तुलाही मी नको होतो का, अध्यक्ष म्हणून?"

मी पदर सारखा केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या घडीला सगळ्या जगाने ते माफही केलं असतं.

"नको होतास," मी म्हटलं. "आठवड्यात एक शुक्रवार मिळायचा. तोही मला कधी मिळाला नाही."

त्याने स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाला, "एवढ्या वर्षांत बोलली नाहीस."

"टाळ्या वाजवत होते ना," मी म्हटलं. "सगळ्यांबरोबर."